कोड चौदा आणि वाट्याचं पाणी

दिवा एकदा लागला, जरा थांबला, मग पटापट चारदा लागला. पुन्हा एकदा, पुन्हा चारदा.

"चौदा," मी म्हणालो.

कांबळे सिस्टर व्हॅनच्या खिडकीतून वाकून बघत होत्या. "चौदा म्हंजे कोणता आजार?"

"टेम्परेचर सेन्सर."

"म्हंजे पुन्हा तेच. दोन गॅरेजला दाखवून आले. दोघांनी बी हेच सांगितलं, दोघांनी बी नवा सेन्सर घातला. भाऊ, थर्मामीटर दोनदा बदललं, ताप तिथंच हाय."

मी डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढलं आणि या बाईंकडे नीट पाहिलं. गिऱ्हाईक साधारण इतकंच सांगतं, की गाडी बंद पडते, बघा. पुढचं सगळं आपण शोधायचं असतं.

सिस्टर चाकूरजवळच्या एका गावच्या. सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी करून रिटायर झालेल्या. नवऱ्यामागे राहिलेली जुनी पेट्रोल व्हॅन त्या स्वतः चालवायच्या. गावातले तीन पेशंट डायलिसिसवर होते, म्हणजे किडनीचं काम मशीनवर करून घ्यायचं. त्यांना आठवड्यातून दोनदा त्या लातूरला आणत आणि घरी पोचवत. एसटीनं येता येतं, पण मशीनवरून उतरलेल्या माणसाला फाट्यावर उन्हात उभं करणं म्हणजे काय ते नर्सला सांगायला नको. मागच्या आठवड्यात व्हॅन भर रस्त्यात बंद पडली. सेंटरवर पोचेपर्यंत यांचा नंबर गेला, मशीनवर दुसरे पेशंट. तिघांपैकी एक टेलर होता, त्याला दुसऱ्या दिवशी इतकी धाप लागली की दवाखान्यात न्यावं लागलं. त्यामुळे आज तिघांना सेंटरवर सोडून सिस्टर थेट माझ्याकडे आल्या होत्या.

माझं गॅरेज वडिलांनी टाकलेलं. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या जीपा आल्या, आणि जीपांमागे आम्ही. वडील कार्बोरेटरवाले, मी डिप्लोमा करून गाड्यांच्या वायरी आणि सेन्सर यांच्या नादी लागलो. ही गोष्ट लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यातली. गॅरेजच्या नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं हे आम्हाला आठवावं लागत होतं.

आता कोडचं सांगतो. इंजिनवर नजर ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर गाडीत असतो. काही बिघडलं की तो 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लावतो आणि बिघाडाचा नंबर लक्षात ठेवतो. नव्या गाडीला स्कॅनर लावला की नंबर स्क्रीनवर येतो. या व्हॅनच्या वेळच्या गाड्यांना माझा स्कॅनर बसतच नाही. तिथे एका ठरावीक सॉकेटमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या, चावी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, आणि दिव्याकडे बघत बसायचं. एकदा, मग चारदा, म्हणजे चौदा. एकदा, मग दोनदा, म्हणजे बारा, आणि बाराचा अर्थ सगळं ठीक. माझ्याकडची नवी पोरं या प्रकाराला हसतात. मला मात्र अजून मजा येते.

"कधी बंद पडते?" मी विचारलं.

सिस्टरनी पेशंटची केस सांगावी तसं सांगितलं. "सकाळी पहिल्या झटक्याला चालू. काही तक्रार न्हाई. ऊन चढलं, इंजिन तापलं, की नाटक सुरू. सिग्नलला थांबलं की बंद. घटकाभर उभी केली तर चालूच व्हायची न्हाई. धूर काळा. वास पेट्रोलचा. पेट्रोल लई पितीय. एसी तिला न्हाईच, म्हंजे त्याचा संबंध न्हाई. बॅटरी नवी हाय."

माझं अर्धं काम त्यांनीच केलं होतं. हा सेन्सर इंजिनमध्ये बसवलेला असतो आणि त्याचं टोक रेडिएटरच्या पाण्यात असतं. पाणी गार की गरम ते तो कॉम्प्युटरला कळवतो. गार इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. आता सेन्सरची खबर अर्धवट पोचली, तर कॉम्प्युटरला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि तो पेट्रोल ओतत सुटतो. सकाळी इंजिन खरंच गार असतं, म्हणून खपून जातं. दुपारी लातूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ही व्हॅन स्वेटर घालून बसल्यासारखी वागत होती.

मीटर लावला. सेन्सर चांगला. वायर कुठे तुटलेली नाही. मग सेन्सरचं कनेक्टर ओढलं. आतल्या पिनांवर पांढरा-हिरवट चुरा जमला होता. खबर इथेच अडत होती.

"सापडलं," मी म्हणालो. पिना घासल्या, स्प्रे मारला, कोड पुसला. व्हॅन एका झटक्यात चालू झाली, धूरही नाही. मी हात पुसायला फडकं घेतलं. दुसऱ्या गिऱ्हाइकानं एवढ्यावर चावी मागितली असती.

सिस्टर हलल्या नाहीत. "हा चुरा आला कुठून?"

"सेन्सरच्या आट्यातून पाणी झिरपतं थोडं. ते सुकलं की चुरा."

"पाणी सुकल्यावर एवढा चुरा? मग परत येणार की हे."

येणारच होतं. मलाही ते कळत होतं, पण दुपारच्या वेळी दारात चार गाड्या उभ्या असताना कळूनही माणूस पुढे जातो. मी मुकाट्यानं इंजिन गार होऊ दिलं आणि सेन्सर काढला. नवा बसवून दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्याच्या टोकावर खडूसारखा जाड थर. मागून आलेलं पाणी तांबूस आणि बोटांना खरखरीत. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत सगळीकडे तेच.

"सिस्टर, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता?"

त्या ताठ उभ्या राहिल्या. "चांगलं पाणी मी गाडीला एक थेंब घालत न्हाई."

मग सगळं कळलं. गावाला टँकरचं पाणी माणशी मोजून मिळायचं, आणि तेही मचूळ. तिन्ही पेशंटना प्यायला शुद्ध पाणी मिळावं म्हणून सिस्टर घरच्या आरओ मशीनमधून ते गाळून प्रत्येकाच्या घरी एक एक कॅन पोचवत. आरओ मशीन पाण्यातले क्षार बाजूला काढतं, आणि जेवढं शुद्ध पाणी मिळतं त्याहून जास्त पाणी ते क्षार घेऊन दुसऱ्या नळीनं बाहेर पडतं. त्या वर्षी आमच्याकडे ती नळी कुणीच मोरीत सोडत नव्हतं. खाली बादली. तेच भांड्याला, फरशीला, संडासला. सिस्टर तेच व्हॅनच्या रेडिएटरलाही घालत. रोज थोडं पाणी झिरपून आणि वाफ होऊन जायचं, क्षार आतच राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी वर नवे क्षार पडायचे.

हे त्यांना सांगताना मला वाईट वाटलं. पाण्याचा थेंब वाया न घालवणारी बाई, आणि तिला सांगायचं की तेच गाडीला बाधलं. त्यांनी ऐकून घेतलं, सेन्सर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"म्हंजे मीच," त्या म्हणाल्या. "बरं. आता विलाज सांगा."

विलाज अवघड नव्हता, पण त्या उन्हाळ्यात नेमका तोच अवघड होता. रेडिएटर आणि इंजिन आतून धुवायचं. लिंबूसत्वाचं पाणी भरून इंजिन चालवायचं, म्हणजे थर सुटतो. मग ते सोडून तीन-चार वेळा स्वच्छ पाण्यानं खळाळायचं. शेवटी कूलंट आणि शुद्ध पाणी भरायचं. त्याला बोअरचं पाणी चालत नाही, कारण त्यातही क्षारच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर बाजारात मिळत नव्हतं. म्हणजे पिण्याचं पाणी हवं, आणि चांगले दोन-तीन कॅन. माझ्या गॅरेजच्या टाकीत हात धुण्यापुरतं होतं, आणि टँकर चार दिवसांनी.

"पिण्याचं पाणी गाडीला?" सिस्टर म्हणाल्या. "न्हाई भाऊ. हे माझ्यानं होणार न्हाई. पिना घासल्यात ना, तशीच नेते."

"आठवडाभर चालेल, पंधरा दिवस चालेल. रस्त्यात कुठे बंद पडेल ते मी सांगू शकत नाही. आणि हा थर वाढला तर इंजिनच बसेल."

त्या व्हॅनच्या दाराला टेकून रस्त्याकडे बघू लागल्या.

इतक्यात रिक्षा आली. सेंटरवरून तिन्ही पेशंट इकडेच आले होते: तो टेलर, एक अंगणवाडीताई, आणि शिवाप्पा म्हणून गावातले किराणा दुकानदार. शिवाप्पा सगळ्यात म्हातारे. कपाळावर भस्माचे पट्टे, हाताला पट्टी, चेहरा उतरलेला. मी खुर्ची दिली. सवयीनं पाण्याचा ग्लासही पुढे केला.

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं आणि हातानं बाजूला केला. "न्हाई चालत. डाक्टरनं दिसाला एक बाटली सांगितली. सकाळची अर्धी पिलोय, आता रातीला."

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. प्यालेलं पाणी लघवीवाटे जात नाही, अंगात साठतं. हे मला तोवर माहीत नव्हतं. दुष्काळात आम्ही सगळे पाण्यासाठी वणवण करत होतो, आणि हा माणूस समोर भरलेला ग्लास असताना तहानलेला बसला होता.

"काय झालं सिस्टर? गाडी काय म्हनती?" त्यांनी विचारलं.

सिस्टरनी सांगितलं. आपली चूक काय तेही लपवलं नाही. तिघांनी ऐकलं. मग शिवाप्पांनी घरातला हिशेब सांगावा तसं सांगितलं.

"माझ्या वाट्याचं घ्या की. तुम्ही कॅन आणून ठेवता. त्यातलं म्या एक बाटली पितो. बाकीचं घरचे वापरत्यात. चार दिस त्यांनी टँकरचं पिलं तर काय व्हतंय? लई दिसांनी माझ्या पाण्याचा काही उपेग होतोय."

"काका, ते प्यायचं पाणी हाय," सिस्टर म्हणाल्या.

"मग मी कुठं प्यायलोय ते? तुमीच पिऊ देत न्हाई." ते हसले. "गाडीला पाजा. तिला डाक्टरनं बंदी केली न्हाई."

टेलर म्हणाला, माझाबी कॅन घ्या. अंगणवाडीताईंनी नुसती मान हलवली. सिस्टरनी पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "ऊन लई हाय." मी हो म्हणालो.

व्हॅन गॅरेजला ठेवून मी चौघांना माझ्या जीपनं गावी सोडलं. तीन घरांतून तीन कॅन निघाले. शिवाप्पांच्या सुनेनं कॅनचं तोंड स्वच्छ फडक्यानं बांधून दिलं, जणू लग्नघरी न्यायचं होतं. मी बरीच वर्षं गिऱ्हाइकांकडून पार्ट, ऑइल, टायर आणून घेतले आहेत. पाणी आणताना गाडी इतकी जपून मी कधी चालवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी हातात घेतली नाही. लिंबूसत्वाच्या पहिल्या पाण्यात एवढी घाण निघाली की बादलीत गढूळ गाळ बसला. पुढे हिशेबानं. पहिल्या खळाळणीचं पाणी गेलं. दुसरीचं बादलीत निवळू दिलं, कापडानं गाळलं आणि तेच पुन्हा वापरलं. एरवी पाइप लावून दहा मिनिटांत उरकायचं काम, त्याला दिवस लागला. आणि एवढं नीट काम मी पाइप असताना कधी केलं नव्हतं, हेही खरं. सेन्सर घासून नवं वॉशर लावून घट्ट बसवला, झिरपणं थांबलं. टेलरचा आणि ताईंचा कॅन संपला होता. शिवाप्पांचं पाणी मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते कूलंटमध्ये मिसळून भरलं.

डायलिसिसच्या दिवशी मी पहाटे व्हॅन गावी नेऊन दिली. निघण्याआधी सिस्टरच्या समोर वायरचा तुकडा लावला. दिवा एकदा लागला, थांबला, मग दोनदा.

"बारा," सिस्टर म्हणाल्या. मला सांगावं लागलं नाही.

त्या उन्हाळ्यात व्हॅन पुन्हा बंद पडली नाही. तिघांचा नंबर पुन्हा कधी चुकला नाही. मी मात्र एक शिकलो: कोड कळायला वायरचा तुकडा पुरतो, पण गाडीच्या पोटात काय जातं ते गाडीवाल्याला विचारावंच लागतं. हल्ली दारात गाडी आली की पाणी कुठलं घालता, हे मी आधी विचारतो, मग दिव्याकडे बघतो.

त्या पहाटे निघताना शिवाप्पांनी मला बॉनेट उघडायला लावलं. पाणी आत नेमकं कुठं असतं ते त्यांना बघायचं होतं. मी रेडिएटरशेजारची प्लास्टिकची बाटली दाखवली. वरच्या रेघेपर्यंत भरलेली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले.

"नशीबवान हाय," ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.