बाराव्याच्या आत

घाटावरच्या रानातल्या कुंभारवाडा गावच्या झिलू वेळीपाला सायकल चालवता येत होती. साधा भोळा कुणबी, जन्मात एवढी एकच करामत शिकला, आणि तीही कुणाच्या कामी आली नाही.

साल एकोणीसशे सव्वीस असेल नाहीतर सत्तावीस. त्या रानात सायकल एकच, जंगल खात्याच्या बंगल्यावरच्या कारकुनाची. झिलू बंगल्यावर पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, सायकल पुसायचा. कारकून दुपारी घोरायला लागला की हा पठ्ठ्या मागच्या मोकळ्या जागेत तिच्यावर टांग मारायचा. गुडघे सोलून घेतले, एकदा करवंदीच्या जाळीत घुसला, पण शिकला.

त्याचा थोरला भाऊ वासू. वासूची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि त्याचं घरात मन लागेना. लाकडाच्या गाड्यांबरोबर तो अणशीचा घाट उतरून कारवारला गेला तो तिकडचाच झाला. काळी नदी समुद्राला मिळते तिथं, कोडीबागेच्या धक्क्यावर, गलबतांत लाकूड भरायचा. दोन वर्षं झाली होती. गाडीवानांच्या तोंडून निरोप यायचा तो 'बरा हाय' एवढाच. आई पार्वतीला तेवढा पुरायचा.

कार्तिकात गाडीवान आले ते माना खाली घालून. नदीच्या मुखाशी मचवा उलटला, वरच्या रानातला एक हमाल बुडाला, मढं समुद्रानं नेलं. धक्क्यावर एवढं राहिलं होतं म्हणून त्यांनी एक कांबळं पुढं केलं. काठ उसवू नये म्हणून पार्वतीनंच त्याला तांबड्या दोऱ्यानं टाके घातले होते. टाके बघितले आणि तिनं कांबळं छातीशी धरलं. बुडालेल्याचं तोंड कुणी बघितलं होतं का, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. कांबळं वासूचं, म्हणजे गेला तो वासू.

मढं मिळालं नाही तरी आपला माणूस तसाच सोडायचा नाही, अशी त्यांची रीत. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आंघोळ घालायची आणि खऱ्या मढ्यासारखं नेऊन जाळायचं. वासूला असं जाळलं. अग्नी झिलूनं दिला. नारळ फुटला तेव्हा सगळा गाव रडला.

नवव्या दिवशी किनाऱ्याकडचा मीठवाला बैल घेऊन वर आला. सुतक कुणाचं म्हणून त्यानं सहज विचारलं आणि नाव ऐकून चमकला.

"गालावर भाजल्याचा डाग हाय, त्योच न्हवं? अवो, पाच दिसांमागं माझ्या मिठाच्या गोणी त्यानंच उचलून दिल्या!"

पार्वतीनं पदर तोंडात कोंबला. झिलू धावत सुटला तो थेट म्हादू बुदवंताकडे. बुदवंत म्हणजे गावाचा न्यायनिवाडा करणारा मोठा. त्याच्या शब्दावर गावात चूल पेटायची आणि विझायचीही.

म्हाताऱ्यानं तोंडातलं पान थुंकलं. मग म्हणाला, "आणून दाखीव. बाराव्याच्या आत. बाराव्याला एकदा पान वाढलं की मेलेला त्यो मेलेलाच. मग तुझा भाऊ आला काय न् देव आला काय."

कारवार वीसेक कोस. पायी गेलं तर जाण्यातच बारावं उजाडणार. झिलूनं सायकल मागितली नाही, कारण मागून ती मिळणार नव्हती. दहाव्याला तांबडं फुटायच्या आत त्यानं ती बंगल्यावरून काढली.

अणशीचा घाट म्हणजे नुसती गाडीवाट. ब्रेकवर त्याचा भरवसा नव्हता. गाडीवान उतारावर गाडीमागं ओंडका बांधतात तशी त्यानं सायकलच्या मागं एक फांदी बांधली. धूळ उडवत, घंटी वाजवत, देवाचं नाव घेत घाट उतरला. दोनदा पडला, कोपर फुटलं. पायथ्याच्या कदरा गावात फांदी सोडली आणि काळीच्या काठाकाठानं निघाला. नदी रुंद होत चालली, माड दिसायला लागले, वाऱ्याला मासळीचा वास आला. या माणसानं समुद्र कधी बघितला नव्हता. दुपार कलताना तो एकदम समोर आला तेव्हा त्याला पायडल मारायचंच सुचेना.

पलीकडच्या काठावर सदाशिवगडाची टेकडी, तिच्यावर काळे पडलेले बुरूज. मिरीसाठी परमुलखातली जहाजं या मुखाशी रांगा लावायची म्हणतात. आता गलबतं होती, मचवे होते, लांब खाडीत एक आगबोट धूर सोडत उभी होती. झिलूला यातलं काही बघायचं नव्हतं. लंगोटी लावलेला, अंगभर धूळ, कोपरातून रक्त, आणि हातात सायकल, असा कुणबी बघून धक्क्यावरच्या लोकांची करमणूक झाली.

"खंयचो रे तूं? कोणाची चोरून हाडली?" एका खलाशानं विचारलं आणि सगळे खो-खो हसले. चोरी खरीच होती, म्हणून झिलू सायकल ढकलत पुढं सरकला.

वासू कमरेइतक्या पाण्यात उभा होता, खांद्यावर ओंडक्याचं टोक. हाडं वर आलेली, डोळे तापानं पिवळे. झिलूला बघून आधी हसला.

"आये बरी हाय न्हवं?"

"हाय. दादा, तू मेलास म्हणून सांगितलंय गावात. तुझं कांबळं आलं."

"ते मी एका आजाऱ्याला पांघराया दिलं हुतं. बुडाला बिचारा." वासूनं ओंडका खाली टाकला. "मग? काय केलंसा?"

"पानांचा करून जाळला तुला."

"अग्नी कुणी दिला?"

"मी."

वासू हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. त्यानं अंग पुसलं, मुकादमाला सांगितलंसुद्धा नाही आणि सायकलपाशी येऊन उभा राहिला. "चल," म्हणाला.

अकराव्याला दोघं कदऱ्यापर्यंत आले, वासू मागं, झिलू पुढं. पुढं घाट. बाराव्याच्या पहाटे झिलूनं तापलेल्या भावाला सायकलीवर बसवलं आणि एका हातानं सायकल, एका हातानं त्याची पाठ धरून सगळा अणशीचा चढाव ढकलत चढला. पोटात दोघांच्याही फक्त मूठभर पोहे. वासू मध्येच बरळायचा, मध्येच विचारायचा, "फुलाचं लगीन ठरलं का रं?" फुला त्यांची धाकटी बहीण. ठरलं होतं, मार्गशीर्षात. झिलूला वाटलं, दादा लग्नाला असेल. या विचारावर तो उरलेला घाट चढला, आणि दुपारच्या आत गावाच्या शिवेवर पोचला. शर्त जिंकली होती त्यानं!

शिवेवर गाव उभं होतं. कारकूनही होता. त्यानं सायकल ओढून घेतली, झिलूच्या तोंडात दोन भडकावल्या आणि उद्यापासून बंगल्यावर दिसू नकोस म्हणाला. तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे वासूकडे बघत होते, आणि एकही जण पुढं येत नव्हता.

"आणला की बाराव्याच्या आत!" झिलू ओरडला.

म्हादू बुदवंतानं काठी आडवी धरली. दोन दिवस त्यानं विचार केला होता, आणि अशा माणसानं विचार केला की कुणाचं तरी घर बसतं. "आणलास खरा. पर मी इचार केला. ह्याच्या नावानं गावानं मढं जाळलं, देवापुढं सुतक धरलं. आता त्यो जिता म्हणायचं तर गावानं देवाला खोटं सांगितलं. त्ये पाप कुणी घ्यायचं?" त्यानं पार्वतीकडे बघितलं. "तू आई. तू सांग. तुझा असंल तर ने घरात. पर मग तुमचं घर गावाबाहेर. तुमच्या भाताला गावातला हात लागणार न्हाई, फुलाचं लगीन व्हणार न्हाई."

किती सोयीचा न्याय! चूक सगळ्या गावाची, आणि ती निस्तरायची एका बाईनं, सगळ्यांदेखत.

पार्वतीनं वासूकडे बघितलं. त्याच्या गालावरचा डाग तिच्याच चुलीनं भाजलेला. मग तिनं फुलाकडे बघितलं, सोळा वर्षांची पोर.

"माझा वासू बुडाला," पार्वती म्हणाली.

झिलू तिच्या अंगावर धावून गेला. चौघांनी त्याला धरला. वासू वळला आणि शिवेबाहेरच्या एका जांभळीखाली जाऊन बसला, कारण त्याहून पुढं जायची ताकद पायांत उरली नव्हती. झिलू सुटून त्याच्याशेजारी जाऊन बसला.

घटकाभरानं बाराव्याचं पान वाढायला सगळे आले. पान नेहमी ओढ्याकाठच्या कातळावर ठेवतात. पार्वती तिकडे गेलीच नाही. सरळ जांभळीकडे चालत आली आणि वासूपासून दहा पावलांवर तिनं पान मांडलं. नाचणीच्या गरम भाकऱ्या, मुडलीच्या कंदाचं कालवण, गुळाचा खडा. एका कावळ्याला कुणी इतकं वाढत नाही. म्हादूनं बघितलं, पण रीत मोडली असं म्हणायला त्याला जागा नव्हती. पार्वती पानाकडे पाठ करून उभी राहिली, सगळा गाव पाठ करून उभा राहिला.

"ये रं बाबा," ती रानाकडे तोंड करून म्हणाली. "पोटभर जेव."

कावळा एकही आला नाही. वासू उठला. झिलूनं त्याचा हात घट्ट धरला.

"दादा, नको. त्या पानाला हात लावलास की संपलं."

"आयेच्या हातचं हाय रं," वासू म्हणाला. "दोन वर्सं झाली."

तो पानापाशी बसला आणि जेवला. घाईघाईनं, दोन्ही हातांनी. पार्वतीला पाठीमागून त्याचं जेवणं ऐकू येत होतं आणि तिचे खांदे हलत होते. पान पुसून घेतल्यासारखं झालं तेव्हा बुदवंतानं न वळताच विचारलं, "शिवला का?"

कुणीतरी मान तिरपी करून बघितलं. "शिवला."

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सगळे ओढ्याकडे निघाले. पार्वतीही निघाली, मागं न बघता, तशीच रीत आहे म्हणून. म्हादू बुदवंत जांभळीपाशी थांबला. वासू जणू तिथं नव्हताच.

"झिल्या, अग्नी तू दिलास," तो म्हणाला. "पयली आंघोळ तुझी. तू बुडी मारल्याबिगर कुणाचं सुतक सुटत न्हाई. तुझी आये थंडीत तशीच हुभी ऱ्हाईल."

झिलू भावाकडे बघत राहिला. वासूनं बोटं चाटली आणि ओढ्याकडे मान हलवली, जा म्हणून.

झिलू गेला, आणि त्यानं आंघोळ केली.