चार्ज शिल्लक होता

माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीच्या सुनेवर आमच्या नात्यात एक आरोप आहे. सासू अंथरुणाला खिळलेली असताना तिनं सासूचं तिच्या धाकट्या बहिणीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, बोलणं तोडलं, फोन लावून दिले नाहीत, असं लोक अजून बोलतात. नागपूरच्या घरी, त्या सासूच्या तेरवीच्या दिवशी, हा आरोप पहिल्यांदा चारचौघांत झाला. माझ्याच बायकोनं केला. तो खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे मला त्या वेळीही ठाऊक होतं. माझं वय आता गोष्टी पुढे ढकलण्याचं राहिलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

रायपूरला तात्यापाऱ्यात आम्ही दोघंच राहतो. मुलगा हैदराबादला असतो. त्यानं स्वतःसाठी नवा टॅबलेट घेतला तेव्हा जुना आईला देऊन टाकला. बायकोजवळ स्वतःचा मोबाइल कधीच नव्हता. तिनं टॅबलेट ठेवून घेतला तो एकाच कामासाठी. ताईंना, म्हणजे तिच्या बहिणीला, पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणंही जवळजवळ गेलं होतं. त्यांची सून दुपारी त्यांचं जेवणखाण आटोपून, त्यांना उशांना टेकवून बसवी आणि व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरी. मग इकडून बायको बोलत राही.

"ताई, आज मुनग्याच्या शेंगा आणल्या. समोरच्या घरची म्हणते शेंगा नाही, लाकडं आणली तुम्ही."

मुनगा म्हणजे शेवगा. ताई अर्ध्या तोंडानं हसत. जो एक शब्द त्यांना स्वच्छ म्हणता येई तो होता "हव". इकडची छत्तीसगढी माणसं होकाराला हव म्हणतात, तशी बायकोलाही सवय लागली होती आणि धडधाकट असताना ताई तिला त्यावरून छळत, "आली पाहा माझी छत्तीसगढीण!" आता त्याच ताई हव म्हणत, आणि बायको डोळे पुसत पुसत म्हणे, "आता कोण झालं छत्तीसगढीण?"

सुरुवातीला एकदा बायकोनं सकाळीच इकडून फोन लावला होता. ताई झोपल्या होत्या. सून म्हणाली, "मावशी, आईंचं जागं-निजलेलं काही खरं नसतं. त्या उठल्या की मीच लावत जाईन. तुम्ही नका त्रास घेऊ." किती साधी गोष्ट होती ती. पुढे हेच वाक्य तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं.

टॅबलेटची बॅटरी थकलेली होती. बोलता बोलता पडदा काळा होई. एकदा तसं झालं आणि बायको मला म्हणाली, "ताई माझ्याकडे पाहून राहिली होती, अन् मीच गायब झाले. तिले काय वाटलं असंन?" मी म्हटलं, बघतो.

माझी सगळी नोकरी वीज खात्यात, उपकेंद्रावर गेली. भारनियमनाच्या काळात कोणत्या भागाची वीज कधी तोडायची ते वरून ठरून येई, पण हात माझा असे. मीटरचा काटा खाली आला की मला बरं वाटे. ज्यांच्या घरचे पंखे बंद पडत, ती माणसं मला दिसत नसत. वीज वाचवणं हे मला पुण्यकर्मच वाटत आलं आहे. घरात कोणी उठून गेलं की मागोमाग जाऊन मी दिवा मालवतो. बायको म्हणते, "मी मेले की माझ्या उशाचा दिवाही विझवसान तुम्ही."

मुलाला विचारलं तर तो हिंदीतच म्हणाला, "बाबा, रूट-वूट मत करना. बिगड़ गया तो फेंकना पड़ेगा." रूट करणं म्हणजे टॅबलेटचं कुलूप तोडून आतल्या सगळ्या गोष्टींवर ताबा मिळवणं. ते न करताही काम होतं, एवढं मी शोधून काढलं. "अमुक घडलं की तमुक कर" असे नियम आपोआप चालवणारं एक अ‍ॅप मिळतं. ते मी टाकलं. वायफाय उघडबंद करायला त्याचं एक जोड-अ‍ॅप वेगळं उतरवावं लागलं. वीजबचतीचा खटका अ‍ॅपच्या हाती देण्यासाठी टॅबलेट वायरनं जुन्या लॅपटॉपला जोडून आज्ञेची एक ओळ टाइप करावी लागली. ती ओळ बरोबर पडली तेव्हा मला नोकरीत बढती मिळाल्यासारखं झालं होतं. एवढं करूनही ते अ‍ॅप मधूनच मरायचं, कारण वीज वाचवण्यासाठी टॅबलेट त्यालाच झोपवून टाकायचा. मग त्याला त्यातून वगळलं.

नियम साधा होता. टॅबलेट थोडा वेळ नुसता पडून राहिला की वायफाय बंद. कोणी उचलून पडदा उजळला की वायफाय सुरू. आणखी एक. बायको जाहिरातींच्या सूचनांवर बोट ठेवायची आणि घाबरायची, म्हणून पडदा उजळल्यावर जमलेल्या सगळ्या सूचना पुसून टाकायच्या, असंही मी लावून दिलं.

टॅबलेटचा चार्ज उतरेना. सकाळी चौकात चहाला आम्ही निवृत्त मंडळी जमतो, तिथे मी तो नेऊन दाखवला. एक मित्र म्हणाला, "भैया, रिटायर होने के बाद इंजीनियर बना है ये." मी दिवसभर खूश होतो.

त्यानंतर ताईंचे फोन येईनासे झाले.

हे दोन वाक्यांत लिहिलं तर कोणालाही उलगडतं. तेव्हा मला उलगडलं नाही, कारण टॅबलेट जेव्हा जेव्हा हातात घ्यावा तेव्हा सगळं ठीकच असे. वायफायचं चिन्ह असे, भजनं लागत, मुलाला फोन लागे. बिघाड होता तो फक्त टॅबलेटकडे कोणी पाहत नसताना, आणि चुकलेल्या कॉलची सूचना आलीच तर तीही बाकीच्या सूचनांबरोबर पुसली जाई. बायको दुपारी तो शेजारी ठेवून भाजी निवडत बसे, आणि मधूनच उचलून पाही.

"काहून नसंन लावत?"

"कामात असेल."

"रोजच?" मग काही दिवसांनी, "तिनंच सांगितलं होतं मले, तुम्ही लावू नका म्हणून. मले तेव्हाच समजायला पाहिजे होतं." तिनं रागाला बाजूला सारून एकदा स्वतः फोन लावला, तो तिकडे कोणी उचलला नाही. त्यानंतर तिनं लावला नाही. मी म्हटलं, "आजकालच्या मुली तशाच." हे मी म्हटलं आहे. का म्हटलं, ते सांगता येत नाही. म्हणायला सोपं होतं.

मग एका दुपारी मी चौकात असताना माझ्या मोबाइलवर सुनेचा फोन आला. "मौसाजी, मावशींना फोन लागूनच नाही राहिला. आईंना बसवून ठेवलं आहे मी. रोज लावून पाहते."

मी म्हटलं, "झोपली असेल गं. दुपारची झोपते."

खरोखरच तसं वाटलं होतं असं इथे लिहिता आलं असतं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. बायको जागी होती. टॅबलेट तिच्या मांडीशी काळा पडून होता. मी ओसरीत जाऊन माझ्या मोबाइलवरून त्याला कॉल लावून पाहिला. माझ्या पडद्यावर "कॉलिंग" एवढंच येत राहिलं. पलीकडे वाजू लागलं की "रिंगिंग" येतं, ते आलं नाही. आत काहीच वाजलं नाही.

त्या क्षणी आत जाऊन सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. सुनेबद्दल आदल्याच दिवशी मी बायकोच्या होला हो मिळवलं होतं. मनाशी म्हटलं, आधी दुरुस्त करू, मग सांगायची गरजच उरणार नाही.

नियम काढून टाकला असता तर दुरुस्ती तेव्हाच झाली असती. पण बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी उतरली असती, आणि चौकात मी काय सांगणार होतो? म्हणून मी मधला मार्ग काढला. दर थोड्या वेळानं मिनिटभर वायफाय उघडायचं आणि पुन्हा बंद करायचं. निरोप त्या मिनिटात येतात. फोन मात्र नेमका त्याच मिनिटात लागावा लागतो. एवढं माझ्यासारख्याला कळायला हवं होतं. कळत होतं.

सुनेचा पुन्हा फोन आला. त्या वेळी मी घरात होतो, बायको माझ्यापासून चार पावलांवर बसली होती. फोन तिच्या हातात दिला असता तरी पुरलं असतं. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "झोपली आहे."

"बरं," सून म्हणाली. मग म्हणाली, "उठल्या की सांगा."

बायकोनं विचारलं, "कोणाचा?"

"बँकेचा," मी म्हणालो.

पुढचा फोन ताई गेल्याचा आला. तो माझ्याच मोबाइलवर आला.

तेरवीला जेवणं उरकली होती, माणसं सतरंजीवर बसली होती. सून पानसुपारीचं तबक घेऊन बायकोसमोर वाकली. बायकोनं तबक हातानं बाजूला सारलं.

"मरणाऱ्या माणसाले तू तिच्या बहिणीचं तोंड पाहू दिलं नाही. असं काय मागत होतो आम्ही तुले?"

"मावशी, मी लावत होते..."

"खोटं बोलू नको! माझ्याजवळ तो डबा दिवसभर पडून राहायचा."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तबक तसंच धरून ती थांबली. तिनं मला बोलायला जागा करून दिली होती, हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाच कळलं होतं. मी सुपारीचं खांड उचलून तोंडात टाकलं. ती तबक घेऊन पुढच्या माणसाकडे वळली. कोणीतरी म्हातारी म्हणाली, "आजकाल असंच आहे, बाई." माझंच वाक्य.

त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरात त्या घराचं नाव निघालं नाही. टॅबलेटवरचा नियम तसाच चालू होता. तो काढायचं कोणाला सुचणार? आता कोणाचा फोन यायचा होता?

या वर्षी सुनेच्या मुलीचं लग्न ठरलं. सुनेनं मला फोन केला, "मौसाजी, मावशींना आणा. आईंची नात आहे ती." आवाजात कुठे राग नव्हता. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तिच्या दारात पाय नाही ठेवणार मी. ताईच्या नातीले इथूनच आशीर्वाद."

मी म्हटलं, "तिनं फोन लावले होते. रोज लावत होती."

तिला समजेना. बोलून ते समजावता येईना, म्हणून मी टॅबलेट आणून तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, थांब. पडदा काळा झाला. आणखी थोडं थांबलो. मग माझ्या मोबाइलवरून त्याला कॉल लावला आणि माझा पडदा तिच्यापुढे धरला. कॉलिंग, कॉलिंग. टॅबलेट गप्प. तिनं तो उचलला, तसा पडदा उजळला आणि वायफायचं चिन्ह आलं.

"आता लावा," ती म्हणाली. लावला. वाजला.

"खाली ठेवा. पुन्हा लावा." पडदा काळा होऊन थोडा वेळ गेल्यावर लावला. पुन्हा गप्प.

असं तिनं माझ्याकडून किती वेळा करवून घेतलं, मला आठवत नाही. शेवटी विचारलं, "तुम्हाले कधी माहीत झालं?" मी ते दोन्ही फोन सांगितले, बँकही सांगितली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेलीच होती. ती पुन्हा घासल्याचा आवाज येत राहिला.

लग्नाच्या आधीच ती नागपूरला एकटी गेली. मी बरोबर येऊ का विचारलं तर म्हणाली, "तुम्ही येऊन काय करसान? झोपली आहे म्हणून सांगसान?" परत आली तेव्हा सुनेशी काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की फोन लागला नाही की सून ताईंना म्हणे, मावशी झोपल्या आहेत, मौसाजींनी सांगितलं. आणि ताई अर्ध्या जिभेनं म्हणत, हव, झोपू दे.

मग तिनं मला सांगितलं की तिनं ज्यांच्यासमोर आरोप केला त्यांच्यासमोर मी खरं काय ते बोलावं. लग्नघरी बोलायला मी तयार होतो. सुनेनं नको म्हटलं, मुलीचा दिवस आहे. तेरवीला बसलेली ती माणसं आता कुठे कुठे पांगली आहेत, काही राहिलीही नाहीत. म्हणून हे लिहिणं.

लिहून झाल्यावर काल बायकोला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. "माझ्याकडून चूक झाली" असं एक वाक्य होतं, तिथे तिनं मला थांबवलं.

"माहीत नव्हतं तोवर चूक. ती पोरगी फोनवर बोलली त्याच्यानंतर चूक नाही. त्याले दुसरं काही म्हणा."

दुसरा शब्द मी बराच वेळ शोधला. सापडले ते सगळे मलाच सोयीचे होते. ते वाक्य काढून टाकलं आहे. सुनेनं फोन लावले होते. मला ते माहीत होतं, आणि भरल्या घरात तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी गप्प बसलो.