तेलाच्या जाहिरातीमागचा वाचक

लोअर परळच्या एका चहाच्या टपरीवर मी फोनवरून माझ्या फुकटच्या ब्लॉगखालच्या प्रतिक्रियांतला कचरा काढत होतो. ‘अप्रतिम लेखन!’ आणि त्याखाली केसांच्या तेलाची लिंक. रोजचंच झालं होतं.

शेजारी उभ्या माणसाने फोनमध्ये डोकावून पाहिलं. चाळिशीचा असेल. ऑफिसचं ओळखपत्र त्याने शर्टाच्या खिशात सारलं होतं.

“ती राहू द्या ना, साहेब. मीच टाकलीय.”

तो लाजला नाही, चहावर फुंकर घालत राहिला. दिवसभर लोकांच्या ब्लॉगांवर स्तुती चिकटवायची, ही त्याची नोकरी. लोकांनी ती उडवली की वरिष्ठांची बोलणी खायची.

“निदान वाचता तरी का?”

“वेळ कुठे असतो? तुमचा हा माहीमच्या खाडीवरचा लेख मात्र पूर्ण वाचला. शेवट उगाच लांबवलात.”

“मग तसं लिहायचं!”

“नाही चालत. अप्रतिमच लिहावं लागतं.”

ओळखपत्र पुन्हा बाहेर काढून तो समोरच्या ऑफिसच्या इमारतीत, लिफ्टच्या रांगेकडे निघून गेला.

घरी येऊन मी लेखाचे शेवटचे दोन परिच्छेद काढून टाकले. खालचं तेल राहू दिलं. तो लेख पूर्ण वाचलेला दुसरा कोणी मला अजून भेटलेला नाही.