दाजींची तीन चाकांची बुलेट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आक्काला तर नाहीच नाही. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कागलला दिलेली. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या पै-पाहुण्यांत, नात्यागोत्यात नाही, एवढंच. आणि आता कंटाळलोय मी हे एकट्यानं वागवून.

उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, शेड, ट्रॉल्या. वेल्डिंगमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही असं लोक म्हणायचे — आणि लोकांच्या आधी मी म्हणायचो.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, जन्मभर बुलेटवर फिरलेला माणूस. जुनी बुलेट, उजव्या पायाला गिअर. शुगरनं त्यांचा तोच पाय गेला, गुडघ्याखाली. रडले नाहीत, चिडले नाहीत. एकदाच काय ते बोलले — "पाय गेला त्येचं काय न्हाय रं. पर बायकूच्या स्कूटीवर मागं बसून जायाचं... एकदा जोतिबाला माझं मी जाऊन आलो की सुटलो बघ." मी तिथल्या तिथं शब्द दिला. दाजी, तुमच्याच बुलेटला तीन चाकं करतो, गिअर हातात आणून देतो.

आणि केली की. चार महिने खपलो. मागचं चाक काढून रिक्षाचा एक्सल बसवला, टाकीशेजारी हाताचा गिअर केला, पाठ टेकायला गादी केली. बघायला गल्ली लोटायची. आता मुख्य गोष्ट सांगायला हवी, पण — थांबा, आधी फ्लेक्सचं सांगतो.

चौकातल्या मित्रांनी माझा फ्लेक्स लावला. गॉगल घातलेला फोटो, शेजारी गाडी, खाली ‘नादखुळा कारागीर’. गाडीचं पासिंग व्हायचं होतं अजून! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसली गत. मी नको म्हणालो का? छे. फोटो मीच निवडून दिला होता.

तर — एक्सल बोटभर तिरका बसला होता. मला कधी कळलं? वेल्डिंग थंड व्हायच्या आधीच. त्या तिरकेपणामुळं मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक लागेना. कापून परत करायला पाहिजे होतं. मी तो ब्रेक सोडूनच दिला, डाव्यावर भागवलं आणि वरून चकचकीत पत्रा मारला. माझ्या पत्र्याखाली कोण बघणार?

आरटीओतल्या बाईंनी बघितलं. गाडी टेम्पोत घालून मी एकटाच गेलो होतो. बाई वयानं लहान, पण कामाला पक्क्या. खाली वाकल्या, बॅटरी मारली, उठून हात पुसले. गाडी झकास केलीय म्हणाल्या, पण बदल करायच्या आधी परवानगी काढायला हवी होती, तो अर्ज आता करा. एक्सल कापून सरळ करा, ब्रेक दोन्ही चाकांना द्या. मग परत आणा, तुमच्या दाजींसारख्यांची गाडी आम्ही उगाच अडवत नाही. सगळं कागदावर लिहूनही दिलं. पंधरा दिवसांचं काम होतं.

परत येताना टेम्पो चौकात थांबला आणि वर मी — गॉगल घालून. त्या फ्लेक्सखाली, सगळ्या उद्यमनगरासमोर, मी माझाच एक्सल कापायला घेणार? शेजारचे कारागीर हातातलं काम टाकून बघायला येणार, "काय झालं ओ, नादखुळा?" म्हणणार? टेम्पो तसाच कागलला घ्यायला सांगितला.

दाजी दाढी करून, टोपी घालून दारातल्या सोप्यात बसले होते. शेजारी नारळ, हार, गुलालाची पुडी. मी चपला काढता काढताच सांगून टाकलं, "दाजी, कायद्यातच बसत न्हाय. सरकार न्हाय म्हणतंय."

दाजींनी नारळ उचलून मागं कोनाड्यात ठेवला आणि आक्काला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. "तू लई केलंस," म्हणाले. ते मला समजावत होते, कळतंय का तुम्हाला?

गाडी म्हशीच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली गेली. पुढं तिच्यावर वैरण पडायला लागली. दाजी जोतिबाला गेलेच नाहीत. स्कूटीवर मागं बसून देवाकडं जायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

दोनेक वर्षांनी शेजारच्या गावचा एकजण असलीच तीनचाकी घेऊन दारात आला. नंबरप्लेट रीतसर, कागद रीतसर. दाजींनी ती हात लावून लावून बघितली. मी तिथंच होतो. तो गेल्यावर म्हणाले, "ह्येची झाली की पास. आपल्या येळला कायदा नसंल, न्हाय?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं? की मला बोलायला एक संधी देत होते? मी किती वेळा हा प्रश्न उलटसुलट केलाय. तेव्हा त्यांना अजून डोळ्यांनी दिसत होतं. गाडीही उभी होती. पंधरा दिवस मागून घ्यायचे होते फक्त. आणि फ्लेक्स? तो तर कधीच फाटून गेला होता, गल्लीत कुणाच्या ध्यानातही नव्हता.

"व्हय," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी घाबरलो होतो असं म्हणता येईल. पण या ‘व्हय’ला काय म्हणायचं?

पुढच्या वर्षी शुगर डोळ्यांत उतरली. आता दाजींना उजेड आणि सावली, एवढंच कळतं. गाडी चालवायचा विषयच संपला.

परवा रविवारी कागलला गेलो होतो. आक्काच्या सासरकडचे कोणी पावणे आले होते. दाजींनी माझी ओळख करून दिली — मी बसलो होतो एकीकडं, त्यांचा हात भलतीकडं. "ह्यो माझा मेवणा. माझ्या गाडीसाठी सरकारसंगं भांडला." पावण्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी चहा पीत राहिलो.

आरटीओतल्या बाईंनी दिलेला कागद वर्कशॉपमधल्या टेबलाच्या खणात आहे, ग्राइंडरच्या चकत्यांखाली. मधूनमधून काढून वाचतो. पंधरा दिवसांचं काम होतं.