माधवनगरची जपानी गायिका

मी निघाले तेव्हा माझी लेक रिधू उसाचा रस प्यायला गेली होती. म्हणजे तिला मुद्दाम नेलं होतं. लेकुरवाळी बाई लांब निघाली की आमच्या गल्लीत असंच करतात. शेजारची बाई मुलाला कडेवर घेते, काहीतरी दाखवायच्या निमित्ताने बाहेर काढते आणि तेवढ्यात आई पिशवी उचलते. "तिच्या नजरंला पडू नगंस, मागं लागंल," आई म्हणाली. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा आमच्या जैन घराचा नियम, म्हणून तिने पाचलाच ताट वाढलं होतं. रिक्षा कोपऱ्यावर वळली तेव्हा रसाच्या गाड्याचे घुंगरू वाजत होते. मी तिकडे मान वळवली नाही, कारण वळवली असती तर सांगलीची ट्रॅव्हल्स नक्की चुकली असती.

रिधू तेव्हा तीन वर्षांची होती. तिचे वडील ती पोटात असतानाच गेले. मिरजेच्या दवाखान्यात मी नर्स होते, आणि जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली हव्यात हे तिथल्याच एका सिस्टरकडून कळलं. पुण्यात भाषा शिकले, परीक्षा पास झाले. आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "तितं तू खाणार काय गं?" जायचं की नाही हा प्रश्न तिने काढलाच नाही, आणि तो तिने काढावा असं मला फार वाटत होतं.

जपानमध्ये भातशेतीच्या मधोमध एक छोटं गाव आणि त्यात आमचा वृद्धाश्रम. मी मनातल्या मनात सगळ्यांना आजी-आजोबाच म्हणते. परीक्षेत पास झालेली माझी भाषा त्यांच्या दात पडलेल्या तोंडांपुढे पार नापास झाली. ते बोलायचे, मी हसून मान हलवायची. माधवनगरला माझं तोंड बंद करायला आईला लाटणं दाखवावं लागायचं, आणि इथे आख्खा दिवस माझ्या तोंडून "हो", "नाही" आणि "माफ करा" याच्यापलीकडे काही निघायचं नाही. ज्या ज्या मुली घर सोडून परमुलखात गेल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. माणूस आधी बोलण्यातून परका होतो, मग हळूहळू स्वतःलाही परका वाटायला लागतो.

मग डिसेंबर आला. इथे वर्ष संपताना कामावरच्या लोकांची पार्टी असते, बोनेनकाय म्हणतात. नव्या माणसाने त्यात काहीतरी करून दाखवायचं अशी रीत आहे. हिवाळ्यात इथे साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे माझं रात्रीचं जेवण चारलाच उरकलेलं. पार्टीत बसले तर समोर ताटंच्या ताटं, आणि मी नुसता सातूचा चहा पीत बसलेली. आमच्या मुख्य बाई अगदी कानकोंड्या झाल्या. हे चालेल का, ते चालेल का, म्हणून एकेक ताटली पुढे सरकवायला लागल्या. मावळतीनंतर जेवायचं नाही हे जपानीतून कसं समजावू? त्या ताटल्या चुकवायला म्हणून मी उठले आणि गायला लागले.

आश्रमातला टीव्ही जुन्या गाण्यांवरच असतो. त्यात एक गायिका आहे, सत्तरी ओलांडलेली. प्रत्येक ओळीच्या शेवटी सुरात हुंदका आणते आणि डावा हात पाण्यातून काढावा तसा हळूहळू वर नेते. मी त्या दिवशी आईची हिरवी इरकल नेसले होते. पदर गळ्याशी घट्ट गुंडाळला, सूपचा डाव तोंडासमोर धरला आणि ती बाई जमेल तशी उभी केली. शब्दांचा अर्थ मला अर्धाच कळत होता, पण हुंदका पुरा कळला होता. सगळे जे हसले, जे हसले, की मुख्य बाई चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या.

तेव्हापासून आश्रमात कुणाचा वाढदिवस असला की मला बोलावणं यायला लागलं. पांढऱ्या कोटातला एक गुळगुळीत आवाजाचा गायक बसवला, मान हलवत गाणारी एक तरणी पोर बसवली. ओकुदा नावाचे एक आजोबा मला सुधारायचे. ती पोर गाण्याआधी हसत नाही, गाणं संपल्यावर हसते, असं त्यांनी मला दोनदा उठून करून दाखवलं. लहानपणी मी गल्लीतल्या बायकांच्या नकला करायची तेव्हा आई पदरात तोंड घालून हसायची आणि वर बजावायची, "नक्कल कर, पर कुणाचं व्यंग धरू नगं." तेवढं मात्र इथेही पाळलं.

इकडे फोनवर रिधू माझ्याशी बोलत नव्हती. पहिले काही महिने आई तिला धरून फोनपुढे बसवायची आणि ती तिच्या हातातून निसटायची. एके दिवशी मी वाढदिवसाच्या कार्यक्रमातून तशीच, इरकल गुंडाळलेल्या अवतारात, फोन लावला. काय वाटलं कुणास ठाऊक, हात वर नेला आणि हुंदका दिला. दाराआडून रिधूचं डोकं बाहेर आलं. मग ती आली, अगदी फोनला नाक टेकवून बसली. मला वाटलं, जिंकले.

पुढे रोज तेच. शाळेतून आली की ती आजीच्या मागे लागायची, त्या बाईला लाव म्हणून. शेजारच्या मावश्याही यायला लागल्या. मी मन लावून करायची, कारण माझी लेक हसत होती. पण गाणं संपलं आणि मी, रिधू, आज काय खाल्लंस, असं विचारलं की ती उठून जायची. आई मला समजवायची, "लहान हाय ती. तिला तू म्हंजी शिनेमा वाटतीस." ती बरोबर बोलत होती आणि मला ते लय लागलं. एका सत्तरीच्या जपानी बाईचा मला मत्सर वाटायला लागला.

अडीच वर्षांनी रजा मिळाली. दारात पाऊल टाकलं तर रिधू आजीच्या लुगड्यामागे, आणि तिचा पहिला प्रश्न आजीला होता: "ही कवा जाणार?" आईने तिला दटावलं, मी हसून साजरं केलं. दुसऱ्या दिवशी अंगणात बायका जमल्या आणि मी नकला केल्या. रिधू पुढे उभी राहून, आता पांढऱ्या कोटवाला येणार, असं ओरडून सांगत होती, फार ऐटीत. पण जेवायला ती आजीच्या ताटाशी, झोपायला आजीच्या कुशीत. मला ती "जपानची आई" म्हणायची, जसं कुणी मुंबईची मावशी म्हणेल.

एका सकाळी आई मंदिरात पूजेला गेली आणि बराच वेळ आली नाही. मुद्दामच, हे मला पुढे कळलं. शाळेची वेळ झाली म्हणून रिधू तेलाची बाटली आणि फणी घेऊन नाइलाजाने माझ्यासमोर बसली, पाठ करून. केसांचा नुसता गुंता. ती म्हणाली, पांढऱ्या कोटवाल्याचा आवाज काढ. काढला. मान हलवणारीचा काढ. काढला.

"आता आईचा काढ," ती म्हणाली.

"कुणाच्या आईचा?"

"माज्या."

मी म्हटलं, रिधू बाळा, जेवलीस का, शाळेत काय शिकवलं. ती म्हणाली, ही फोनमधली. मी म्हटलं, हलू नगं गं, भांग वाकडा हुतोय. ती म्हणाली, ही तर आजी. माझा हात थांबला.

"मग तुझी आई कशी बोलती?" मी विचारलं.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "म्हणून तर तुला काढाय सांगितला."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. जगातल्या सगळ्या बायांचे आवाज येतात आणि हाच तेवढा बसवलेला नाही, हे पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या पाठीला कसं सांगणार? शेवटी गुंता ओढला गेला, ती किंचाळली, मीही तिच्यावर ओरडले, आणि दोन वेण्या दोन उंचीच्या झाल्या. ती तशीच शाळेत गेली.

उरलेल्या रजेत मी एकही नक्कल केली नाही. रोज वेण्या घातल्या, रोज भांडणं झाली. जायचा दिवस तिला आधीच सांगून ठेवला. पुढच्या वर्षी तिला इकडे जपानला आणायचे कागद लावलेत. आईही सोबत येईन म्हणते, नुसती बघायला. मावळायच्या आत जेवण मिळणार असेल तर, अशी तिची अट आहे.

घर कुठलं, असं इथल्या आज्या मला अजून विचारतात. पूर्वी मी माधवनगर एवढंच सांगायची, आता पुढे रिधूबद्दलही सांगत बसते. परवा मला फोन करायला उशीर झाला. रिधूने उचलला, माझा चेहरा पाहिला आणि काही न बोलता कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा आईने घेतला आणि ओशाळून म्हणाली, "अगं, रुसलीया. मगाधरनं वाट बघत हुती." मागून रिधूचा आवाज आला, मला तिच्याशी बोलायचंच नाही म्हणून. आई माझी समजूत काढायला लागली आणि इकडे मी एकटीच हसत, रडत बसले होते. त्या गायिकेवर ती कधीच रुसली नव्हती.