पुलाखालची बोट

आमची कंपनी मूळची एका लोहाराची. फाटकं आणि शेगड्या घडवायचा बिचारा. रेल्वे आली तेव्हा त्याने जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगजवळच्या नदीवर पहिला लोखंडी पूल बांधला, पण त्यावरून गाडी न्यायला कोणी धजेना. मग हा पठ्ठ्या बायकोपोरांना घेऊन बोटीतून पुलाखाली जाऊन बसला आणि वरून इंजिन गेलं. पुढे पुलांची इतकी कामं आली की भट्टीचा कारखाना झाला.

कंपनीत ही गोष्ट सगळे अभिमानाने सांगत. मला ऐकूनच धडकी भरायची, कारण रीत अजून चालू होती: शेवटची तपासणी ज्याची, त्याने घरच्यांसह पुलाखाली बसायचं. एकविसाव्या शतकाने त्यात लाइफ जॅकेटांची तेवढी भर घातली होती.

त्या वर्षी तोच जुना पूल दुरुस्त झाला आणि तपासणी माझ्याकडे आली. लोखंडी पट्ट्या जोडणारा एकेक रिव्हेट हातोडीने ठोकून ऐकायचा. घट्ट असेल तर खणखणीत वाजतो, सैल असेल तर बद्द. सगळे खणखणीत वाजले आणि मी पुलाला मंजुरी दिली.

चाचणीच्या दिवशी नवरा म्युनिकला होता. पुण्याहून आलेल्या सासूबाई माझ्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन हौसेने बोटीत चढल्या.

"अगं, ये लवकर! सुनेच्या पुलाखाली बसायचा मान कोणाला मिळतो?"

वर इंजिनाने शिट्टी दिली. मधल्या जोडावरचे रिव्हेट नक्की कसे वाजले होते? त्या दिवशी वारा होता. काही केल्या आवाज आठवेना.

"थांबवा!" मी काठावरून ओरडले.

निवृत्तीला टेकलेल्या आमच्या साहेबांनी हात वर केला. इंजिन थांबलं. सगळ्यांदेखत मी शिडीवर चढून मधला जोड पुन्हा ठोकून काढला. एकही बद्द वाजला नाही. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', एवढंच म्हणून साहेबांनी मला बोटीत बसवलं.

इंजिन डोक्यावरून जाताना सगळं लोखंड कण्हलं. मी मुलीला इतकं आवळलं की ती रडायला लागली.

काठावर उतरल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "अगं, तुला खात्री नव्हती होय?"

"होती ना, आई. तुम्ही दोघी बोटीत बसेपर्यंत होती."