खुर्चीपुढचा चहा

नरडाण्याच्या कारखान्यात आमच्या ऑफिसची झाडलोट आणि चहा एक बाई करायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. नाव मी कधी विचारलं नाही. ती अहिराणी बोलायची; 'आठे' म्हणजे इथे, 'तठे' म्हणजे तिथे, 'शे' म्हणजे आहे, एवढं मला कळायचं. जळगावहून माझी बदली झाली, तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसणारे नाना वारले होते, पण ते अजून कामावर येतात, अशी ऑफिसची खात्री. पंखा आपोआप फिरला, नाना. फाईल सापडेना, नाना. स्वतः वेंधळेपणा करायचा आणि नाव मेलेल्या माणसाचं.

अक्का रोज ती खुर्ची पदराने पुसायची. पहिला चहा नानांच्या खुर्चीपुढे, मग सगळं ऑफिस फिरून शेवटचा, कोमट, मला. आखाजीला, म्हणजे पितरांच्या अक्षय्य तृतीयेला, तर तिने नानांसाठी टेबलावर पाण्याची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. घागर रात्रभर पाझरली आणि माझे कागद भिजले.

मी भडकलो. "आमच्या जळगावच्या ऑफिसात असले चाळे नव्हते. तिथला चहासुद्धा..."

अक्का फडकं पिळत म्हणाली, "भाऊ, नाना मरी गयात, तरी आठेच शेतस. तुम्ही जित्ता शेतस, तरी जळगावलेच."

आता मी जळगावला परत आलोय. परवा नरडाण्याहून फोन आला. अक्का हल्ली दोन रिकाम्या खुर्च्यांपुढे चहा ठेवते म्हणे, नानांच्या आणि माझ्या. विचारलं तर सांगते, "भाऊ तठे गयात, म्हंजे आते त्यास्ना जीव आठे शे."

मी जिवंत आहे, असं तिला ठणकावून सांगायला हवं. पण इथला चहा फार गरम असतो. तो कोमट होईपर्यंत मी थांबतो.